विस्मयचित्रांचे आंतरजालीय संकलन

जुनी छायाचित्रे, रूढ कलेतिहासात न बसणारी चित्रे आणि लोकजीवनातील विलक्षण वस्तू यांच्या प्रतिमा निवडून, त्यांना थोडीफार माहिती जोडून त्या आंतरजालावर इतरांसाठी मांडण्याची प्रथा. शरीररचनेचे तक्ते, सर्कशीची भित्तिपत्रके, कधीच न बनलेल्या यंत्रांची रेखाटने, अनोळखी कुटुंबांचे अल्बम असे काहीही या संकलनात शेजारीशेजारी येते. निवडीला विषयाचे बंधन नसते. संकलकाची आवड हेच तिचे सूत्र असते.

या प्रथेची पूर्वपीठिका सोळाव्या-सतराव्या शतकांतील यूरोपीय कुतूहल-दालनांत, म्हणजे विलक्षण वस्तू एकत्र मांडलेल्या खासगी दालनांत सापडते. नेपल्सचे औषधविक्रेते फेर्रान्ते इंपेराटो यांच्या १५९९ मधील ग्रंथात अशा दालनाचे चित्र असून त्यात छताला टांगलेली भलीमोठी मगर आणि भोवती शिंपले, मासे व पुस्तके दिसतात. कोपनहेगनचे वैद्य ओले वुर्म (१५८८–१६५४) यांचा संग्रहही असाच सरमिसळ होता. मात्र एकशिंगी घोड्याचे शिंग म्हणून भारी किमतीला विकली जाणारी वस्तू प्रत्यक्षात नारव्हाल या सागरी सस्तन प्राण्याचा दात आहे, हे त्यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले, आणि ते शक्य झाले ते दात कवटीसकट पाहायला मिळाल्यामुळे. सुट्या दातावरून हा निष्कर्ष निघणे अवघड होते. आंतरजालावरील सुट्या चित्रांची अडचण नेमकी हीच आहे.

छायाचित्रे गोळा करण्याच्या हौसेला मोठी चालना दिली ती आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या, भेटकार्डाएवढ्या छायाचित्रांनी. एकाच काचेवर अनेक छबी टिपून त्यांच्या प्रती कापल्या जात व जाड पुठ्ठ्यावर चिकटवल्या जात. त्यामुळे छायाचित्र स्वस्त झाले आणि नातेवाइकांच्या जोडीला राण्या, नट व सेनापतीही घरोघरच्या अल्बममध्ये जाऊन बसले. जाणकाराला या कार्डाची पाठ पुढच्या बाजूइतकीच बोलकी वाटते. तिच्यावर छायाचित्रकाराचे नाव व पत्ता छापलेला असतो, क्वचित कोणी पेन्सिलीने नाव लिहिलेले असते; अमेरिकी कार्डावर करतिकीट असेल, तर ते १८६४ ते १८६६ या दोन वर्षांत विकले गेले असे मानता येते, कारण यादवी युद्धाच्या खर्चासाठी बसवलेला छायाचित्रांवरील कर तेवढाच काळ चालला. आंतरजालावर कार्ड चढवताना मात्र पुष्कळदा हीच पाठ वगळली जाते.

हौशी संकलकांना मोठा साठा मिळू लागला तो ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये यांनी आपले चित्रसंग्रह आंतरजालावर खुले केल्यावर. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर सुमारे ३,००० छायाचित्रे मांडली, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यांतील ठिकाणे, इमारती आणि माणसे ओळखून कळवली, आणि पडताळणीनंतर ही माहिती ग्रंथालयाच्या मूळ नोंदींत घेतली गेली. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ च्या अखेरीस जुन्या पुस्तकांतील १० लाखांहून अधिक चित्रे खुली केली; न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० प्रतिमा निर्बंधमुक्त केल्या.

तथापि चित्राचा पुढचा प्रवास त्याच्या नोंदीसह होतोच असे नाही. एकाने ते उतरवून घेतले, दुसऱ्याने कडा छाटल्या, तिसऱ्याने खाली आकर्षक ओळ जोडली, की वर्ष, ठिकाण व संग्रहक्रमांक गळून पडतात. एकोणिसाव्या शतकात मृत नातलगांची छायाचित्रे खरोखरच काढली जात. त्यांत मृतदेह बहुधा पलंगावर, आईच्या मांडीवर किंवा शवपेटीत असे. आंतरजालावर मात्र पायांमागे लोखंडी बैठक दिसणारे कोणतेही उभे छायाचित्र ‘प्रेत उभे करून काढलेले’ म्हणून फिरते. ती बैठक मान टेकवण्याच्या दांड्याची असे. छबी उमटायला काही सेकंद लागत, तेवढ्या वेळात जिवंत माणूस हलू नये एवढाच तिचा उपयोग होता. मृतदेहाचे वजन तिला पेलवलेही नसते.

रंगांच्या बाबतीत फसगत आणखी सहज होते. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९०९ ते १९१५ या काळात रशियाभर फिरून निळ्या, हिरव्या व लाल गाळण्यांतून एकाच दृश्याच्या तीन छबी एकामागून एक टिपल्या. या काचपट्ट्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या आणि पुढे संगणकावर त्यांच्या तिन्ही छबी जुळवून रंगीत चित्रे तयार करण्यात आली. हे रंग मुळातले आहेत. संथ नसलेले पाणी किंवा मध्येच हललेले मूल यांभोवती उमटलेल्या रंगीत कडा ही त्याची खूण होय. कृष्णधवल छायाचित्रावर आज्ञावलीने चढवलेले रंग अंदाजाचे असतात आणि तसे नमूद न करणे ही सरळ दिशाभूल आहे. हाती असलेले चित्र देऊन त्याच्या इतर प्रती शोधणारी साधने (रिव्हर्स इमेज सर्च) यात मदत करतात, पण त्यांतून जुनी आंतरजालीय प्रत सापडते, मूळ छायाचित्र सापडेलच असे नाही.

प्रताधिकाराची मुदत संपली म्हणजे सर्व प्रश्न मिटले असेही नाही. हार्वर्डचे निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांच्या सांगण्यावरून १८५० मध्ये दक्षिण कॅरोलिनात रेन्टी, त्यांची मुलगी डीलिया आणि इतर गुलामांची, त्यांना विवस्त्र करून, धातूच्या पत्र्यांवर छायाचित्रे काढण्यात आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात हे पत्रे १९७६ मध्ये सापडले. वंशज असल्याचे सांगणाऱ्या महिलेने २०१९ मध्ये त्यांवर दावा लावला आणि २०२५ मध्ये ते चार्ल्सटनच्या संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. डिजिटल प्रतींचा असा परतावा अशक्य असल्याने काही ठिकाणी प्रतिमा खुली करण्याआधीच मर्यादा घातली जाते. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू या आदिवासी समाजासोबत उभारलेल्या मुकुर्तू या डिजिटल संग्रहाच्या प्रणालीत कोणते छायाचित्र कोणी पाहावे, हे त्या समाजाच्या स्वतःच्या रीतीनुसार ठरते.