बोव्हेचं अर्धवट कॅथेड्रल

उत्तर फ्रान्समधल्या बोव्हे गावातल्या कॅथेड्रलचं दगडी छत फरशीपासून सुमारे ४८ मीटर उंच आहे. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या बांधकामात इतकं उंच छत दुसरं नाही. काम १२२५ साली सुरू झालं, वेदीचा भाग १२७२मध्ये पुरा झाला आणि १२८४मध्ये त्याच्या छताचा मोठा भाग कोसळला.

दगड चिरडला म्हणून ते पडलं नाही. दाब सोसण्यात दगड फार दणकट असतो. पण कमान भार नुसता खाली देत नाही, ती पाय फाकवते. तो रेटा बाहेरचे उंच धिरे आणि त्यांना भिंतीशी जोडणाऱ्या तिरक्या अर्धकमानी झेलतात. रेट्याची रेषा दगडाच्या जाडीच्या आत राहिली तर सगळं ठीक. बाहेर गेली की सांधे उघडतात, कारण ओढ सोसायची ताकद चुन्यात जवळपास नसतेच.

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांच्या मते दोष चुन्याच्या सांध्यांत होता. जाड खांबाच्या पोटात हवा पोचत नाही, त्यामुळे तिथला चुना वर्षानुवर्षं नरम राहतो. थरांवर थर रचलेला खांब हळूहळू दबतो. शेजारचा एकसंध दगडाचा बारीक दांडा मात्र दबत नाही. सगळा भार त्या दांड्यावर येतो आणि तो तडकतो. पुढे अमेरिकन अभियंते रॉबर्ट मार्क यांनी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती तपासून जोराच्या वाऱ्याकडे बोट दाखवलं. दोन्ही कारणं एकमेकांना मारक नाहीत. वाऱ्याने सांधे थोडे थोडे उघडत गेले, तर दबलेल्या खांबाला धोका वाढणारच.

दुरुस्ती करताना दोन खांबांच्या मधोमध नवा खांब घातला. तिथल्या कमानी आज इतक्या अरुंद आणि टोकदार दिसतात त्या यामुळेच.

पण उंचीचा सोस सुटला नाही. १५६९मध्ये मधल्या चौकावर १५३ मीटरचा मनोरा चढवला. पूर्वेला वेदीचा भाग, उत्तर-दक्षिणेला दोन बाजू, आणि पश्चिमेला काहीच नाही! लोक उभे राहतात तो लांब दालनाचा भाग बांधायचा राहिला होता, म्हणून पश्चिमेकडच्या खांबांना टेकू नव्हता. ते ओळंब्याबाहेर झुकले आणि १५७३मध्ये मनोरा खाली आला. दालन पुढेही झालंच नाही; त्या जागी दहाव्या शतकातलं छोटं, जुनं चर्च तसंच उभं आहे.

१९६०च्या दशकात धिऱ्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या जुन्या लोखंडी पट्ट्या काढून टाकल्या. मग धिरे वाऱ्यात डोलू लागले आणि पोलादी दांडे बसवावे लागले. अशा इमारतीत निरुपयोगी वाटणारा तुकडा आधी मोजावा, मगच हलवावा. पुढे आतल्या उत्तर-दक्षिण आडव्या भागातही लाकडाचे अवजड टेकू द्यावे लागले. जगातल्या सर्वांत उंच गॉथिक छताकडे मान वर करून पाहताना तेच आधी नजरेत भरतात.