इंग्रजीच्या तासाला बाकीच्या भाषा कुठे जातात?

वेगवेगळ्या घरभाषांची मुलं एका वर्गात बसलेली असतात. इंग्रजीचा तास सुरू झाला की बहुतेक ठिकाणी एकच नियम लागतो: आता फक्त इंग्रजीत बोला. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. जगभर चालणारी भाषा आपल्या मुलांना नीट यावी, असं पालकांना आणि शिक्षकांना मनापासून वाटतं. पण या नियमात एक गृहीतक दडलेलं आहे. मुलानं घरची भाषा बोलणं थांबवलं की मेंदूही ती बंद करतो आणि इंग्रजीला मोकळी जागा मिळते, असं त्यात धरून चाललेलं असतं. मेंदूचं काम तसं चालत नाही.

मायकल स्पायव्ही आणि व्हियोरिका मरियन या संशोधकांनी १९९९ साली याचा एक सुंदर पुरावा प्रसिद्ध केला. मातृभाषा रशियन असलेल्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या डोक्यावर त्यांनी नजर टिपणारं उपकरण बसवलं. समोर काही वस्तू मांडल्या आणि सगळ्या सूचना रशियनमधून दिल्या. पोस्टाच्या तिकिटाला रशियनमध्ये ‘मार्का’ म्हणतात आणि त्या वस्तूंमध्ये एक मार्कर पेनही होतं. तिकीट उचलायला सांगितलं की ऐकणाऱ्याची नजर क्षणभर मार्करकडे जाऊन येई, आणि असं इतर वस्तूंच्या बाबतीत घडे त्यापेक्षा जास्त वेळा होई. सूचनांमध्ये इंग्रजीचा मागमूस नव्हता, तरी डोक्यातली इंग्रजी जागीच होती.

२००७ मध्ये गीयोम तिएरी आणि यान जिंग वू यांनी याची उलट बाजू तपासली. इंग्रजी येणाऱ्या चिनी भाषकांनी इंग्रजी शब्दांच्या जोड्या वाचून त्यांचे अर्थ जुळतात का, एवढंच सांगायचं होतं. काही जोड्यांच्या चिनी प्रतिशब्दांमध्ये एक लिपिचिन्ह सामाईक होतं. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही आणि उत्तरांवरही त्याचा परिणाम झाला नाही. मेंदूतल्या विद्युत लहरी मात्र त्या जोड्यांना वेगळा प्रतिसाद देत होत्या. म्हणजे परभाषा वाचतानाही मातृभाषा आतून काम करत असते. नियमानं फक्त तोंड बंद करता येतं.

मग ‘फक्त इंग्रजी’ हा आग्रह इतका रुजला कसा? युगांडातल्या मकेरेरे इथे १९६१ साली राष्ट्रकुल देशांची इंग्रजी अध्यापनावर एक परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, जितक्या लवकर आणि जितकी जास्त तितकी उत्तम, ती मातृभाषा असलेला शिक्षकच आदर्श, ही मतं तिथून बळकट झाली. रॉबर्ट फिलिप्सन या भाषातज्ज्ञानं १९९२ मध्ये या मतांना सरळ ‘भ्रम’ म्हटलं. ‘लवकर’च्या आग्रहाची तर बार्सिलोनात दीर्घकाळ तपासणी झाली आहे. कार्मेन मुन्योस यांच्या चमूला असं आढळलं, की शाळेत तेवढेच तास इंग्रजी शिकल्यावर आठव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलांपेक्षा अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं पुढे असतात.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं काम. परभाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण त्याच भाषेत विज्ञानाचा उतारा समजून कारणं मांडायला पाच ते सात वर्षं लागू शकतात, हे त्यांनी दाखवलं. त्यामुळे मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलणारं मूल वर्गात गप्प बसलं, तर ते आळशी किंवा मंद आहे असं समजणं हा अन्याय आहे. कमिन्स यांचा दुसरा मुद्दा आशादायक आहे. तर्क करणं, मजकुराचा सारांश काढणं, वाचताना अंदाज बांधणं ही कौशल्यं एका भाषेत पक्की झाली की दुसरीतही उपयोगी पडतात. घरच्या भाषेत वाचायला घालवलेला वेळ इंग्रजीच्या खात्यातून वजा होत नाही.

वर्गात हे उतरवायचं कसं, याचा एक मार्ग वेल्समध्ये सापडला. तिथे सेन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात, मजकूर एका भाषेत वाचायचा आणि त्यावर बोलायचं किंवा लिहायचं दुसरीत, अशी पद्धत मांडली. नुसतं पाठ करून हे जमत नाही, अर्थ कळावाच लागतो. अनेक भाषांच्या वर्गात इंग्रजी उतारा वाचून मुलांनी आपापल्या भाषेच्या गटात चर्चा करावी आणि निष्कर्ष इंग्रजीत मांडावा. शिक्षकाला त्या सगळ्या भाषा यायलाच हव्यात असं नाही. एक धोका मात्र खरा आहे. प्रत्येक वाक्याचं लगेच भाषांतर मिळू लागलं, तर मुलं इंग्रजी ऐकणंच सोडून देतात. भरपूर इंग्रजी कानांवर आणि डोळ्यांपुढे हवीच. घरची भाषा विचार करण्यासाठी वापरायची आहे, इंग्रजी टाळण्यासाठी नाही.

उच्चारांचंही तसंच. आज इंग्रजीतले बहुसंख्य संवाद ती मातृभाषा नसलेल्यांमध्येच होतात. जेनिफर जेन्किन्स या भाषातज्ज्ञांनी अशा संवादांत गैरसमज नेमके कुठे होतात ते शोधून २००० मध्ये मांडलं. ऱ्हस्व-दीर्घ स्वरांमधला फरक आणि वाक्यात कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, हे समजण्यासाठी महत्त्वाचं ठरलं. दातांमध्ये जीभ धरून काढायच्या ज्या ‘th’ ध्वनीसाठी कितीतरी तास खर्ची पडतात, तो चुकला तरी अर्थ क्वचितच अडतो.

राहतं ते वर्गात आपल्या भाषेचं एकटंच असलेलं मूल. गटचर्चेत त्याला जोडीदार नसतो, म्हणून त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. त्याला आधी आपल्या लिपीत टिपणं काढू द्यावीत, हाताशी द्विभाषिक शब्दकोश असावा, वरच्या वर्गात त्या भाषेचा कुणी असेल तर आठवड्यातून थोडा वेळ गाठ घालून द्यावी आणि इंग्रजीत उत्तर द्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ द्यावा.