मस्तिष्कावरणशोथ : लहान मुलांतील निदान

मेंदू व मेरुरज्जू (पाठीच्या कण्यातील मज्जा) यांच्या आवरणांचा दाह. बोलण्यात यास 'मेंदूज्वर' म्हणतात. पण प्रत्यक्ष मेंदूच्या दाहालाही तेच नाव असल्याने येथे ते टाळले आहे.

मोठ्यांत मानेचा ताठरपणा, कर्निग (१८८२) व ब्रुडझिन्स्की (१९०९) यांची चिन्हे (अनुक्रमे गुडघा सरळ करताना व मान वाकवताना दिसणारी) उपयोगी पडतात. वर्षाच्या आतील बाळात ती बहुधा मिळतच नाहीत. बाळ दूध ओढत नाही, कडेवर घेतले की अधिकच रडते किंवा निपचित पडते, आकडी येते. नवजाताचे अंग गारही पडते. टाळू फुगते. सातारा-सांगलीकडे बाळाच्या टाळूवर तेल घालणाऱ्या आजीच्या हाताला हा फरक आधी कळू शकतो. तिचे म्हणणे नोंदवून घ्यावे. टाळू बाळ शांत असताना, उभे धरून पाहावी. रडताना ती फुगतेच. जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले असल्यास फुगवटा झाकला जातो.

निर्णय लागतो तो पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू-मेरुरज्जूभोवतीचा द्रव, कमरेत सुई घालून काढून तपासल्यावर (लंबर पंक्चर). या पद्धतीचे श्रेय सामान्यतः जर्मन वैद्य हाइन्‍रिख क्विंके (१८९१) यांना देतात. लंडनच्या वॉल्टर एसेक्स विंटर यांचे रुग्णवृत्तही त्याच वर्षीचे. मात्र त्यांनी त्वचेला छेद देऊन नळी बसवली होती. अमेरिकी वैद्य कॉर्निंग यांचा १८८५ चा प्रयोग बधिरतेसाठी होता. क्विंके व विंटर दोघांचाही मूळ हेतू या द्रवाचा दाब उतरवण्याचा. परंतु क्विंके यांनी दाब मोजला, द्रवातील प्रथिने व साखर पाहिली. निदानपद्धती म्हणून अग्रमान त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

नवजाताचा मेरुरज्जू कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो व सुई त्याखाली घालतात. मूल लुळे पडेल ही नातेवाइकांची भीती म्हणूनच निराधार आहे. जिवाणुजन्य प्रकारात द्रव बहुधा गढूळ, साखर कमी, प्रथिने अधिक. विषाणुजन्य प्रकारात तो स्वच्छ, साखर बहुधा प्राकृत (नेहमीइतकी). क्षयजन्य प्रकारात लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढतात, साखर घटते. हा प्रकार दिवसांमागून दिवस हळूहळू वाढतो व किरकिर दात येण्यावर ढकलली जाते. ऊसतोडीच्या खोपीतून आलेल्या बाळाबाबत घरात कोणाला जुना खोकला आहे का, हे आवर्जून विचारावे.

जत किंवा पाटणच्या वाडीवरून मिरज वा साताऱ्यास पोहोचेपर्यंत प्रतिजैविकाचे इंजेक्शन झालेले असेल, तर द्रवात जंतू न वाढण्याची शक्यता असते. पेशी व प्रथिनांतील बदल तरीही बहुधा टिकतात. मूल अत्यवस्थ असल्यास सुई पुढे ढकलतात, औषध नाही.