‘काका, मला वाचवा’: पुण्याच्या दंतकथांमागच्या तिथ्या, दगड आणि पाणी

पुण्यातल्या ‘झपाटलेल्या’ जागांची यादी कुणीही करो, पहिले नाव शनिवारवाड्याचेच येते. पौर्णिमेच्या मध्यरात्री आतून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही कथा शाळकरी पोरांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मूळ प्रसंग खरा आहे. त्याचा दिवस, वेळ आणि माणसे नोंदलेली असल्यामुळे कथेत अस्सल किती आणि मागाहून चिकटलेले किती, हे बऱ्यापैकी वेगळे काढता येते.

तो दिवस ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. तिथी भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५. गणपतीचे दिवस होते आणि अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी होती. गारदी म्हणजे कवायती पायदळाचे भाडोत्री शिपाई. रोख पगारावर चाकरी करणारी आणि पगार तुंबला की दंगा करणारी ही माणसे थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसली. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ हे त्यांचे म्होरके होते आणि तुळाजी पवार हा खिजमतगार त्यांना सामील होता. नारायणराव पेशव्यांना अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. ते धावत गेले ते त्याच वाड्यात नजरकैदेत असलेल्या चुलत्यांकडे, रघुनाथरावांकडे, आणि त्यांना मिठी मारून बसले. तिथून ओढून त्यांना कापून काढले. त्यांच्या अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. वाड्यातली आणखी माणसे मेली आणि एक गायही मेली. दहन रात्रीच उरकण्यात आले.

आता कथेकडे पाहा. खून झाला तो दुपारी, एकच्या सुमारास. पौर्णिमा अजून यायची होती. ‘पौर्णिमेची मध्यरात्र’ प्रसंगातून आलेली नाही, ती भुताच्या गोष्टींच्या सर्वसाधारण साच्यातून आली आहे. हाकेतल्या ‘काका’ या शब्दाचेही तसेच असावे. त्या काळच्या पत्रव्यवहारात रघुनाथराव येतात ते ‘दादासाहेब’ म्हणून आणि लोकांच्या तोंडी ते राघोबादादा. पुढच्या पिढ्यांना ‘दादा’ म्हटले की थोरला भाऊ आठवणार, म्हणून सांगणाऱ्यांनी नाते स्पष्ट करणारा शब्द घातला असावा, असा आमचा अंदाज आहे. तीन शब्दांत सगळा प्रसंग मावतो. नाते, विश्वास आणि घात, सगळे त्यातच येते. याच वाड्यात १७९५ साली सवाई माधवराव वरून कोसळून गेले. १८०१ मध्ये वाड्यासमोर विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिले, तेही भर लोकांसमोर. त्या मृत्यूंना अशी हाक नाही, म्हणून त्यांची भुतेही नाहीत.

‘ध’ चा ‘मा’ ही याच प्रसंगाची दुसरी शेपटी. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, असे सांगतात. हे दोन शब्द लिहून पाहिले तर दिसते की नुसते अक्षर बदलून भागत नाही, वर काना जोडावा लागतो. म्हणूनच म्हण ‘ध चा म’ अशी नाही, ‘ध चा मा’ अशी आहे. रामशास्त्री प्रभुण्यांच्या चौकशीत दोष आला तो रघुनाथरावांवर. सगळे पाप बाईच्या बोरूवर ढकलणारी कथा मात्र घरोघर पोचली, आणि हा अन्याय अजून धुऊन निघालेला नाही.

हाक येते म्हणतात ती जागा पाहायला गेल्यास दिल्ली दरवाजाने आत शिरावे. त्याच्या एकेका फळीवर ७२ अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक मारून दार फोडू नये, यासाठी ती सोय होती. आत गेल्यावर दिसतात त्या फक्त जोत्यांच्या रांगा. वरचे लाकडी मजले फेब्रुवारी १८२८ च्या आगीत गेले आणि ती आग सात दिवस धुमसत होती. ज्या दालनात खून झाला ते आता हवेत आहे, म्हणजे जोत्याच्या वर, रिकाम्या जागेत. दक्षिण तटातल्या जांभूळ दरवाजाला नारायण दरवाजा हे नाव या खुनामुळे पडले. रात्रीच्या आवाजाविषयी एवढेच सांगता येईल की गव्हाणी घुबड जुन्या दगडी बांधकामांत राहते आणि त्याचा चीत्कार माणसाच्या किंकाळीसारखा असतो. तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याची छाती धडधडली तर त्यात त्याचा दोष नाही.

तारखा पडताळताना एक चूक हटकून होते. शकाचे इसवी सन काढताना ७८ मिळवतात. पण इंग्रजी वर्ष पौषाच्या आसपास बदलते, त्यामुळे १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. दुसरी चूक अधिक फसवी आहे. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, शनिवारची. मोबाइलवरच्या कॅलेंडरमध्ये ही तारीख टाकली तर मंगळवार दिसतो आणि ‘शनिवारवाडा नावच खोटे’ असा निष्कर्ष काढला जातो. ती तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची, म्हणजे ज्युलियन आहे. त्यात ११ दिवस मिळवले की २१ जानेवारी येते, वार शनिवार निघतो आणि तिथी माघ शुद्ध ३ जुळते. वास्तुशांतीची २२ जानेवारी १७३२ ही तारीखही अशीच तपासली की शनिवारच येतो. इंग्रजांनी पंचांग १७५२ मध्ये बदलले, म्हणून त्यापूर्वीच्या तारखांना ही काळजी घ्यावी. १७७३ ला तिची गरज नाही.

पायाभरणीची कथा मात्र फिरस्ती आहे. बाजीरावांनी सशाला कुत्र्याच्या मागे लागलेले पाहिले आणि ‘ही जागा पराक्रमाची’ म्हणून तिथे वाडा बांधला, असे सांगतात. हीच गोष्ट अहमदाबादच्या आणि विजयनगरच्या स्थापनेबद्दलही सांगितली जाते. राजधानी वसली की मागून ससा येतोच.

शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे, ही पुण्यातली सर्वांत चिवट समजूत. काळ्या कातळातून तीन किलोमीटर भुयार खोदायचे तर हवेसाठी जागोजाग झरोके हवेत, उपशाचे दगड टाकायला जागा हवी आणि पावसाळ्यात झिरपणारे पाणी काढायची सोय हवी. एवढे काम गुप्त राहत नाही. पण समजूत निराधार नाही. जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत येणारा, माणूस आत शिरू शकेल असा मार्ग खरोखर होता. तो पाण्यासाठी होता.

नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला ओढ्यावर बंधारे घालून तलाव केले आणि तिथून शहरात बंदिस्त दगडी नहर आणला. अंतर सुमारे ८ किलोमीटर. कुठेही मोट नाही, रहाट नाही. कात्रज उंचावर आणि शहर सखल, त्यामुळे उताराने पाणी आपोआप येत असे. नहराला ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवलेले होते. वरून पाहिले तर ते दगडी चौथऱ्यासारखे किंवा लहान विहिरीसारखे दिसतात. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, नाहीतर ती पाणी अडवून धरते, आणि गाळ काढायला माणूस त्यातूनच उतरे. पुढे पाणी काळा हौद, बदामी हौद अशा हौदांत पडे, आणि शनिवारवाड्यातले कारंजे याच दाबावर उडे. गाळ काढणे थांबले, उच्छ्वासांत कचरा पडू लागला, वर इमारती आल्या, आणि नहर विस्मरणात गेला. मग कुणाच्या अंगणात फरशी खचली आणि खाली कमानीचा बोगदा दिसला की ‘पेशव्यांचे भुयार’ सापडे. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदाईत असाच मार्ग उघडा पडला, तेव्हाही पहिली चर्चा भुयाराचीच झाली आणि पाणी आठवले ते नंतर. पळून जाणाऱ्या पेशव्यापेक्षा विजेविना शहराला पाणी पाजणारी ही रचना कितीतरी थोर आहे, आणि तिचे उरलेले उच्छ्वास बुजवले जात आहेत याची खंत वाटते.

देवांच्या नावांची विचित्रता हे पुण्याचे आणखी एक वैशिष्ट्य. पासोड्या विठोबाजवळ पासोड्या विकत. निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या जाळीत सापडला. सदाशिव पेठेतल्या खुन्या मुरलीधराची बाब गंभीर आहे. दादा गद्र्यांनी १७९७ मध्ये हे मंदिर बांधले. मूर्तीवरून दुसऱ्या बाजीरावाशी वाद झाला आणि गद्र्यांच्या अरब पहारेकऱ्यांची पलटणीशी चकमक होऊन रक्त सांडले. खून देवाने केला नाही, देवासाठी झाला.

गणेश पेठेतला डुल्या मारुती पानिपताच्या दिवशी जागेवर डुलला, म्हणून तो डुल्या, असे सांगतात. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ची. दोन मोत्ये गळाल्याची, म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेल्याची, सावकारी चिठ्ठी खुद्द नानासाहेबांच्या हाती पडली ती २४ जानेवारीला, उत्तरेच्या वाटेत भिलशाजवळ (आजची विदिशा). पुण्याला बातमी पोचायला त्याहून वेळ लागणार होता. मधले ते दिवस इथल्या घरांत हळदीकुंकवाचे, संक्रांतीच्या तिळगुळाचे होते. उत्तरेत गेलेल्यांच्या बायका-आयांना काहीच कळलेले नव्हते. कथेतला मारुती मात्र त्याच दिवशी हलला.