साबुदाणा आणि सागू: नाव एकाचं, दाणा दुसऱ्याचा

साबुदाणा झाडाच्या चिकापासून होतो, असं आजी सांगायची. तसं झाड खरंच आहे. पण आपल्या डब्यातला दाणा त्याचा नाही.

ते झाड म्हणजे सागूचा ताड. इंडोनेशियाच्या पूर्वेकडची मालुकू बेटं, पापुआ आणि पापुआ न्यू गिनी इथल्या दलदलीत तो वाढतो. आयुष्यात एकदाच फुलतो आणि त्या फुलोऱ्यासाठी वर्षानुवर्षं खोडात पिष्ट साठवतो. म्हणून दहा-पंधरा वर्षांचं झाड फुलायच्या आधीच तोडतात, खोड उभं चिरून आतला गाभा कुटतात, पाण्यात खळबळून गाळतात आणि तळाशी बसलेलं पीठ घेतात. ‘साबू’ हा शब्द मलय भाषेतल्या ‘सागू’वरूनच आलाय.

आपला साबुदाणा मात्र जमिनीखालचा. तो कसाव्याच्या कंदाचा, आणि बहुतेक येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून. कंद सोलून किसतात, चीक निवळू देतात, ओलसर पीठ झोळीत हलवून गोळ्या करतात, मग त्या भाजून वाळवतात. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, भारतात आणला पोर्तुगिजांनी. खिचडीतले शेंगदाणे आणि बटाटाही त्याच खंडातून आलेले, आणि मिरची मेक्सिकोकडून! एकादशीच्या ताटातला हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो.

पांढरा दाणा पाहून दोन्हींतला फरक सांगणं अवघड. दोन्ही जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे ‘साबुदाणा पौष्टिक’ म्हणताना श्रेय शेंगदाण्याच्या कुटाला द्यावं.

खरा फरक दिसतो तो ताटात. मालुकू आणि पापुआत सागूच्या पिठावर उकळतं पाणी ओतून घोटतात आणि पापेडा करतात. खळीसारखा पारदर्शक, ताणला की तार धरणारा. दोन काड्यांवर गुंडाळून तो ताटलीत घेतात, वर हळदीचा पिवळा माशाचा रस्सा ओततात आणि न चावता गिळतात.

आपण नेमकं उलट करतो. दाणा दोन-तीनदा धुऊन वरचं सुटं पीठ काढतो, जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवतो, सकाळी एक दाणा बोटांत चिरडून पाहतो. अर्धी वाटी पाणी जास्त झालं तर कढईत गोळा होतो आणि आपण हळहळतो. पापेडा करणारी बाई मात्र तोच चिकटपणा येईपर्यंत हात थांबवत नाही.