माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह पुन्हा पेटवताना

पितळी स्टोव्ह माळ्यावरून खाली आला की हात आधी जातो तो चिंचेकडे, नाहीतर आमसुलाकडे. टाकी लखलखते, पण पेटवल्यावर स्टोव्ह फुरफुरतो आणि पिवळा जळतो. म्हणून आमचे सांगणे एकच: आधी टाकी हवा धरते का ते बघा, घासणे मागाहून. जुना स्टोव्ह बहुधा तीन मऊ वस्तूंपायी बंद पडलेला असतो: पंपाचा चामडी वायसर, पंपाच्या तळाच्या व्हॉल्व्हमधली चकती आणि बर्नरखालचा शिशाचा वायसर. तिन्ही स्वस्त आहेत.

काम अंगणात करा. आतले जुने रॉकेल डब्यात काढा, विहिरीच्या किंवा माडाच्या आळ्याजवळ ओतू नका. मग कपभर ताज्या रॉकेलने टाकी दोनदा खळबळून घ्या.

पंपाचा दांडा बाहेर काढा. चामडी वायसर वाटीसारखा असतो आणि वाटीचे तोंड टाकीकडे हवे. उलटा बसला तर कितीही पंप मारा, हवा भरत नाही. चामडे नुसते सुकले असेल तर शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर भिजवा आणि बोटांनी कडा पसरवा. चिरले असेल तर बदला. आपल्याकडे सवयीने खोबरेल लावतात, पण ते 24 अंशांच्या आसपास गोठते आणि थंडीतल्या सकाळी पंप जड होतो.

दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपातून रॉकेल येत असेल, तर दोष तळाच्या व्हॉल्व्हचा. असा स्टोव्ह पेटवूच नका. व्हॉल्व्ह उघडायला लांब दांड्याचा खास पाना लागतो. पक्कडीने किंवा पेचकसाने खाच झिजते आणि मग तो निघत नाही. पाना नसेल तर स्टोव्ह आमच्या दुकानात आणा, आम्ही उघडून देऊ. आत बुचाची किंवा रबराची छोटी चकती आणि स्प्रिंग असते. खाऱ्या हवेने गंजलेली स्प्रिंग बदलाच. चकतीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घालू नका. ते रबर रॉकेलमध्ये फुगते. नायट्राइल रबराची चकती घ्या.

बर्नर काढताना एका पान्याने खालची नळी धरा आणि दुसऱ्याने बर्नर फिरवा. एकच पाना लावला तर टाकीची मान पिळवटते. घट्ट असेल तर टाकी रिकामी आणि झाकण उघडे ठेवून सांध्यावर उकळते पाणी ओता. शिशाचा वायसर एकदा दाबला गेला की पुन्हा वापरायचा नाही. बर्नरच्या नळ्यांत काजळी घट्ट बसली असेल, तर नवख्याने नवा बर्नर घेणेच बरे.

आता परीक्षा. रिकाम्या स्टोव्हमध्ये हवा भरून तो पाण्याच्या बादलीत बुडवा. निपलमधून, म्हणजे बर्नरमधल्या बारीक भोकाच्या तुकड्यातून, बुडबुडे येणारच; दुसरीकडून आले तर ती गळती. हवा संपायच्या आत बाहेर काढा आणि उन्हात पूर्ण वाळवा. टाकीच्या पत्र्याला चीर असेल तर डाग देऊन वापरू नका, तो स्टोव्ह शोकेसमध्ये ठेवा. रॉकेलची वाफ असलेल्या टाकीला डाग देणे तर जिवावरचे काम आहे.

एक लिटरच्या स्टोव्हला साधारण 0.32 मिलिमीटर भोकाचे निपल लागते, लहानाला 0.28. भोक साफ करायची पिन सरळ आत-बाहेर करा, फिरवू नका. भोक लंबगोल झाले की ज्योत एका बाजूला जाते.

1892 मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी केलेल्या स्टोव्हचे तत्त्व अजून तेच आहे: इथे वात नाही, रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये वाफ होऊन जळते. बर्नर थंड असेल तर तेल द्रवरूपातच उडते आणि भडका होतो. म्हणून टाकी पाऊणच भरा, हवेची चावी (टाकीतली हवा सोडायचा स्क्रू) उघडी ठेवा आणि बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट जाळा. दोन-तीन मिनिटे लागतात, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात जास्त. स्पिरिट विझत आले की चावी बंद करून तीन-चार हलके पंप मारा. निळी ज्योत स्थिरावली की आणखी हवा भरा. पिवळा भडका आला तर चावी लगेच उघडा, विझू द्या आणि पुन्हा तापवा. बर्नर आधी गार होऊ द्या, मगच वाटीत स्पिरिट ओता.

वाऱ्याला आडोसा करताना टाकी झाकू नका. टाकी कोमट चालते. हाताला चटका बसला तर हवा सोडा. रॉकेलऐवजी पेट्रोल कधीच घालू नका. बंद तंबूत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड साठतो.

आता खुशाल घासा. आमसूल आणि मीठ दोन-चार मिनिटे लावा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडे पुसा. रात्रभर तसेच राहिले तर पितळेतले जस्त निघून टाकीवर गुलाबी डाग पडतात. पावसाळ्यात ठेवून देताना टाकी रिकामी करा, चावी सैल ठेवा आणि पंपात मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा.