संतांच्या जुन्या छापचित्रांतली सावली राखाडी शाईची नसते

बरोक काळातल्या (साधारण सतराव्या शतकातल्या) युरोपीय धार्मिक छापचित्रांबद्दल एक समजूत फिरत असते: चेहऱ्यावरच्या सावल्या पातळ केलेल्या राखाडी शाईने भरल्या आहेत. हातभर अंतरावरून तसंच दिसतं, त्यामुळे समज साहजिक आहे.

प्रत्यक्षात शाई एकच, काळी. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेषा खोदायच्या, शाई चोळून पृष्ठभाग पुसून घ्यायचा. शाई फक्त खाचांत उरते. मग ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. खाच रुंद आणि खोल, तर रेषा जाड. जाड रेषा दाट आल्या की सावली. बारीक, विरळ झाल्या की उजेड. संताच्या डोक्यामागचं तेज? बहुतेकदा नुसता कोरा कागद!

1649 मधल्या एका फ्रेंच चित्रात येशूचा अख्खा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून फिरत गेलेल्या एकाच रेषेने घडवलाय. रेषा जिथे फुगते तिथे सावली. मला तर हा हाताचा चमत्कारच वाटतो.

पडताळायचं असेल तर भिंग घ्या, किंवा मोठ्या आकारातलं स्कॅन वाढवून पाहा: राखाडी भागात काळ्या रेषा आणि मधे पांढरा कागद दिसेल. रेषाच नसतील, तर ते मेझोटिंट, म्हणजे पत्र्यावरून छापण्याचा दुसरा एक प्रकार, असू शकतं. त्यात पत्रा आधी सगळा खरबरीत करतात. शाई तिथेही काळीच.